गोष्टीनंतरचं तात्पर्य लहान मुलांना सांगावं का?

चिऊचीआई:
मुलगी साडेचार वर्षांची आहे, रोज रात्री गोष्ट लागतेच. आम्ही इसापनीतीचं एक चित्रांचं पुस्तक आणलंय, प्रत्येक गोष्टीच्या शेवटी मोठ्या अक्षरात तात्पर्य, मी तेही वाचते. गेल्या आठवड्यात मुंगी आणि टोळाची गोष्ट झाली आणि दुसऱ्या दिवशी बघते तर हिने बिस्किटांचा डबा उशीखाली लपवलेला, धाकट्या भावाने मागितलं तर म्हणाली "मी मुंगी आहे, तू गाणं म्हण जा". मला खरंच वाईट वाटलं, म्हणजे गोष्टीतून हेच पोचलं का? आणि आता तर गोष्ट सुरू करायच्या आधीच म्हणते तात्पर्य सांग मग झोपू. तुम्ही काय करता?

बालवाडीताई:
ताई, आधी हे की मुलीने काही वाईट केलेलं नाही. गोष्टीत जे आहे तेच तिने केलं, मुंगी टोळाला देत नाही ना शेवटी. या वयात मुलं अर्थ नाही उचलत, प्राणी उचलतात, जो जिंकला तो मी. मी अठरा वर्षं बालवाडी घेतेय, तात्पर्याची ओळ मी वाचतच नाही. त्याऐवजी गोष्ट मध्येच थांबवते नाहीतर नाटक करून घेते आणि मुंगी झालेल्याला दुसऱ्या दिवशी टोळ करते. टोळ झालेलं मूल दाराशी उभं राहून खायला मागतं, तेव्हा त्याला जे कळतं ते सांगून नाही कळत. ससा-कासव घेतली तेव्हा एका मुलाने विचारलं, कासवाने जाताना सशाला उठवलं का नाही? पूर्ण वर्ग त्यावर भांडला, अर्धे म्हणाले शर्यत आहे, अर्धे म्हणाले मित्र आहे. तिथे मी 'सावकाश पण सतत' असं सांगितलं असतं तर ते सगळं बंदच झालं असतं. भाऊ लहान असला तरी त्याला मुंगी करा एकदा.

नाशिकचेआजोबा:
ताईंचं पटतं पण पूर्ण नाही. तात्पर्य म्हणजे शत्रू नव्हे, सात-आठ वर्षांच्या मुलाला ते नीट लक्षात राहतं आणि पुढे कामी येतं, माझ्या नातवाचं पाहिलंय. प्रश्न आहे कुठली गोष्ट कुठल्या वयाला. पंचतंत्राची चौकटच बघा, विष्णुशर्मा राजाच्या तीन मुलांना सहा महिन्यांत राजनीती शिकवायचं कबूल करतो, ते पाळण्यातल्या बाळांसाठी नव्हतं. बगळा मासे फसवून खातो आणि शेवटी खेकडा त्याची मान कापतो, हे चार वर्षांच्या पोरीला कशाला. मुंगसाची गोष्ट तर अजिबात नको, निष्ठावान मुंगूस विनाकारण मारलं जातं, ती रात्रभर रडेल. सिंह-उंदीर चालेल, माकड-मगर चालेल. आणि आपल्या घरातलं विसरू नका, चल रे भोपळ्या टुणुक टुणुक, त्यात म्हातारी वाघाला चक्क थाप मारते आणि तात्पर्य काहीच नाही, तरी पोरं शंभरदा मागतात.

पुणेरीबाबा:
यावर जुना वाद आहे. रूसो या तत्त्वज्ञाने १७६२ च्या 'एमिल' या मुलांच्या शिक्षणावरच्या पुस्तकात हेच लिहिलंय की कोल्हा आणि कावळ्याची गोष्ट मुलांना सांगितली की ती फसलेल्या कावळ्याची कीव करत नाहीत, त्यांना कोल्हाच आवडतो. आमच्याकडे अगदी तसंच झालं, मुलगा चार दिवस कोल्हा होऊन आजीची तारीफ करून लाडू मिळवत होता. मी रागावलो नाही, फक्त एकदा मीच कोल्हा झालो आणि त्याचा लाडू घेतला. मग गोष्ट परत सांगितली तर म्हणाला कावळ्याने आधी खाऊन टाकायचं होतं. मला ते उत्तर खूप आवडलं कारण ते पुस्तकातलं नव्हतं.

चिऊचीआई:
सगळ्यांचे मनापासून आभार. काल तात्पर्य न वाचता पुस्तक मिटलं. बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली टोळाला झोपायला मुंगीच्या घरी जागा होती का? मी म्हटलं मला नाही माहीत, तू सांग. म्हणाली होती, पण दार छोटं होतं, टोळाचे पाय मोठे. आणि झोपली. बिस्किटांचा डबा अजून उशीखालीच आहे, आज भाऊ मुंगी होणार आहे.