मदत हवी आहे : कराडहून कुंभार्ली घाटाने सायकलवर चिपळूण, पुढे मांडवीने ठाणे

मंडळी, डिसेंबरात नोकरीसाठी ठाण्याला राहायला जातोय. सायकल न्यायचीच आहे, तर निम्मी वाट तिच्यावर बसूनच जावं म्हणतोय. पहाटे कराड सोडायचं, पाटण, कोयनानगर करत कुंभार्ली घाट उतरायचा आणि दुपारी चिपळूणला मांडवी एक्स्प्रेस गाठायची. अंतर साधारण शंभर किलोमीटर. (कराडातूनच कोयना एक्स्प्रेसने जा, हा सल्ला घरी रोज मिळतोय, इथे नको.)

चढाची धास्ती नाही. देशावरून जाणाऱ्याला घाट मुख्यतः उतरायचाच असतो. पण माझी सायकल साधी हायब्रिड, व्ही-ब्रेकवाली (म्हणजे रिमवर रबर दाबणारे ब्रेक), आणि मागे कॅरिअरवर दहाएक किलोची बॅग. माथ्यावरून पोफळीपर्यंत सलग उतार, वळणं आणि पाठीमागून ट्रक. ब्रेकचे रबर नवे टाकतोय. तेवढ्यावर भागेल का, की बॅग आधीच पाठवून द्यावी?

खरी अडचण स्टेशनवरची आहे. गाडी चिपळूणला जेमतेम दोन-चार मिनिटं थांबणार. सायकल लगेज म्हणून बुक करून ब्रेकव्हॅनमध्ये (सामानाच्या डब्यात) द्यावी, की चाकं काढून बॅगेत भरून स्लीपरमध्ये बर्थखाली सरकवावी? डब्यात नेण्याच्या पेटीचं माप १०० × ६० × २५ सेंमी आहे. माझं नुसतं चाकच टायर धरून ६९ सेंमी भरतं. म्हणजे टीसीने नियमावर बोट ठेवून अडवलं तर त्याचंच बरोबर. ज्यांनी प्रत्यक्ष नेली आहे त्यांनी सांगा.

प्रतिसाद :
मी चिपळूणचाच. पहिली गोष्ट, स्टेशन गावात नाही, वालोप्याला आहे. कराड रस्ता बहादूरशेख नाक्यावर हायवेला मिळतो, तिथून उजवीकडे वळून वाशिष्ठीचा पूल ओलांडायचा. बाजारपेठेत शिरलात तर उगाच फेरा पडेल. घाटात सकाळी लवकर या, ऊन चढल्यावर शिरगाव ते चिपळूण पट्टा घामटं काढतो. कराडची थंडी खाली उतरेपर्यंत विसरायला होते. डिसेंबर निवडलात ते छान, पावसाळ्यात घाटात धुकं असं की पुढचं वळण दिसत नाही, आणि तेव्हा कोकण रेल्वेचं वेळापत्रकही वेगळं असतं.

प्रतिसाद :
ब्रेकबद्दल सांगतो. सतत दाबून धरू नका, रिम तापते. वळणाआधी दोन्ही ब्रेक दाबून वेग पाडायचा, वळणात सोडायचे. मध्ये दोन-तीनदा थांबून रिमला हात लावून बघा, चटका बसला तर पाणी प्या, फोटो काढा, निवू द्या. बॅग सायकलवरच राहू द्या, पण वजन खाली, दोन बाजूंना वाटून बांधा. कॅरिअरवर उंच रचलं तर वळणात सायकल ओढते.

गाडीचं म्हणाल तर मी ब्रेकव्हॅनच्या बाजूने. तिकीट दाखवून लगेज बुक करा, पावती जपा, सायकलवर नाव आणि 'ठाणे' ठळक लिहा. पण व्हॅनमध्ये जागा नसेल तर सायकल मागच्या गाडीने येते, ही तयारी ठेवा. म्हणून सायकल सोडवून बॅगेत भरण्याचा पर्यायही सोबत असावा. पेडल काढायला १५चा पाना लागतो, आणि डावं पेडल उलट्या आट्याचं असतं, ते घड्याळाच्या दिशेने फिरवलं तर सुटतं. हे घरीच एकदा सोडवून बघा. प्लॅटफॉर्मवर जोर लावून उलटं आवळणारे मी पाहिलेत.

धागाकर्ता :
दोघांचेही आभार. पेडलचं आजच करून बघतो. मांडवी हुकलीच तर रात्री तुतारी आणि कोकणकन्या आहेत, म्हणजे मुक्काम करावा लागणार नाही. आता एकच राहिलं. माझा बेत रविवारचा आहे. रविवारी दुपारी चिपळूणला सायकल बुक करून घेतात का, की त्यासाठी आठवड्यातला दिवस धरावा? चिपळूणकर, तुम्ही स्टेशनकडे जाणार असाल तर तेवढं विचारून सांगाल का?