वॉरंट घटनाबाह्य, तरी दोषसिद्धी कायम?

प्रश्न: ठरावीक वेळी ठरावीक परिसरात कोणकोणते मोबाइल होते, ही माहिती गूगलकडून मागवणारी वॉरंट अमेरिकेच्या चौथ्या घटनादुरुस्तीशी (अवाजवी झडती व जप्तीपासून संरक्षण देणाऱ्या तरतुदीशी) विसंगत आहेत, असे पाचव्या सर्किटच्या (काही राज्यांच्या विभागाच्या) संघीय अपील न्यायालयाने ऑगस्ट 2024 मध्ये ठरवले. तरीही त्याच खटल्यातील, मिसिसिपीत टपाल कर्मचाऱ्याला लुटल्याच्या प्रकरणातील आरोपींची दोषसिद्धी कायम राहिली. हे कसे?

प्रतिसाद १: ‘सद्हेतूच्या अपवादा’मुळे. पोलिसांनी वॉरंटवर प्रामाणिकपणे विसंबून कारवाई केली असेल, तर ते पुढे सदोष ठरले तरी पुरावा वगळू नये, कारण बेकायदा मिळवलेला पुरावा वगळण्यामागचा हेतू पोलिसांना वचक बसवणे हा आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 1984 च्या लिऑन खटल्यात म्हटले होते.

प्रतिसाद २: ई-मेलच्या मजकुरासाठी वॉरंट हवे, हा सहाव्या सर्किटचा 2010 मधील वॉर्शाक निकालही असाच होता, तत्त्व प्रस्थापित झाले, पुरावा मात्र टिकला. ज्याने हक्कासाठी झगडावे त्याच्याच पदरी काही पडू नये, हे मला तरी पटत नाही.

प्रतिसाद ३: नाराजी रास्त आहे. मात्र पाचव्या सर्किटचा निकाल बंधनकारक असलेल्या टेक्सास, लुइझियाना आणि मिसिसिपीतील संघीय खटल्यांत यापुढे अशा वॉरंटबाबत सद्हेतूचा बचाव करणे तपास यंत्रणांना बरेच जड जाईल.