मदत हवी आहे: पिक्सेल फॉन्टमध्ये मराठी येत नाही, इंग्रजीही धूसर दिसतंय

कोरीवकाम
नमस्कार, जरा तातडीचं आहे. गेममध्ये 'प्रेस स्टार्ट टू-पी' हा पिक्सेल फॉन्ट लावलाय. इंग्रजी अक्षरांच्या कडा राखाडी दिसतात, जुन्या आर्केडसारख्या कोरीव हव्यात. मराठी तर भलत्याच गुळगुळीत फॉन्टमध्ये उमटतं. 'दुसऱ्या फेरीत प्रवेश' ही ओळ पिक्सेलमध्येच हवी आहे. शनिवारी प्रदर्शनात मांडायचाय. सगळं करून पाहिलं. कुणाला माहीत असेल तर लवकर सांगा.

गोट्या_गेमर
गेम कशात केलाय? गोडो, युनिटी अशा गेम-इंजिनात की ब्राउझरमध्ये? अक्षरांचा आकार किती ठेवलाय? 'सगळं' म्हणजे नक्की काय काय केलंत? स्क्रीनशॉट टाका.

कोरीवकाम
ब्राउझर, कॅनव्हासवर (पानातली चित्र काढायची चौकट). सीएसएसमध्ये पिक्सेलेटेड ही सेटिंग लिहिलीय, तरी फरक नाही.

सह्यकन्या
त्या फॉन्टमध्ये देवनागरी नाहीच. लॅटिन, ग्रीक, सिरिलिक आहे. अक्षर सापडलं नाही की ब्राउझर मशीनमधला दुसरा फॉन्ट उचलतो, विंडोजवर बहुधा निर्मला. सरळ जीएनयू युनिफॉन्ट घ्या. १६ पिक्सेल उंचीचा आहे, देवनागरी आहे, फुकट आहे. मी एका छोट्या एलईडी पाटीसाठी वापरलाय, मस्त चालतो.

खिळेजुळारी
ताई, पाटीवर आकडे आणि सुटी अक्षरं असतील तर चालेल. युनिफॉन्टमध्ये प्रत्येक युनिकोड चिन्हाला एकच आकृती आहे, जोडाक्षरांच्या आकृत्या नाहीत. 'प्रवेश'मधला प्र आणि 'दुसऱ्या'मधला ऱ्या तिथेच मोडतील.

बापूकाका
मराठी टाइप करायला इनस्क्रिप्ट कीबोर्ड शिका. विंडोजमध्ये आधीपासूनच असतं. आठवडाभर सराव केला की हात बसतो.

गोट्या_गेमर
काका, त्यांना टाइप करता येतंय हो. @कोरीवकाम, आकार अजून सांगितला नाहीत.

कोरीवकाम
१२.

गोट्या_गेमर
मग धूसर दिसणारच! हा फॉन्ट ८ × ८ च्या चौकटीवर बेतलाय. ८, १६, २४, ३२ असेच आकार द्या. १२ ला एका चौकोनाच्या वाट्याला दीड पिक्सेल येतो, तो अर्धा राखाडी होतो. ओळ काढताना तिच्या जागेचे एक्स आणि वाय आकडे पूर्णांक ठेवा. पिक्सेलेटेडचा उपयोग आधीच काढलेलं चित्र मोठं करताना होतो, अक्षर काढताना होत नाही. म्हणून कॅनव्हास ३२० × १८० ठेवा, त्यावर ८ ने लिहा आणि मग आख्खा कॅनव्हास चौपट करा. विंडोजचं स्केलिंग १२५ टक्क्यांवर असेल तर तिथेही अपूर्णांक येतो. प्रदर्शनातल्या मशीनवर ते १०० करा.

जुना_डीटीपीवाला
जुना नॉन-युनिकोड फॉन्ट घ्या. इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी तुकडे बसवलेले असतात, जोडाक्षरं हवी तशी जुळवता येतात. वर्षानुवर्षं लग्नपत्रिका अशाच छापल्या.

खिळेजुळारी
कागदावर ठीक आहे. गेममधला मजकूर उद्या शोधायचा, बदलायचा म्हटलं की हाती कचरा येतो. आणि ते फॉन्ट पिक्सेलचे नाहीतच, मूळ अडचण तशीच राहते.

जुना_डीटीपीवाला
तीन ओळींच्या मजकुरात काय शोधणार? काम भागल्याशी मतलब.

आठबिटी
थोडं विषयांतर. सुझन केअरचा शिकागो (१९८४, पहिला मॅकिंटॉश) आणि झुझाना लिचको यांचे १९८५ चे एम्परर, ओकलंड हे फॉन्ट एकदा नीट निरखून पाहा. पडद्याचे चौकोन लपवायचे नाहीत, त्यातूनच अक्षर घडवायचं, हे त्यात दिसतं. आपल्याकडे आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेलं आणि पुण्याच्या सी-डॅकने पुढे नेलेलं जिस्ट कार्ड होतं, डॉसच्या पडद्यावर देवनागरी आणणारं. त्या अक्षरांवर कुणीतरी मनापासून लिहायला हवं.

खिळेजुळारी
लिहायला हवंच. आता मूळ प्रश्नाकडे. देवनागरी ८ पिक्सेलमध्ये कोंबू नका. १६ उंची घ्या: वर वेलांटी-मात्रा-रफारासाठी ४, शिरोरेघ १, अक्षराचं अंग ८, खाली उकाराला ३. प्रेस स्टार्टमध्ये उभ्या रेघा दोन पिक्सेल जाड आणि आडव्या एक, तेच प्रमाण पाळा म्हणजे शेजारी शेजारी शोभतील. ध हा घ पासून वेगळा कळायला ध च्या शिरोरेघेतली फट निदान एक पिक्सेल उघडी हवी. ब, व, ष वेगळे कळायला ब आणि ष च्या पोटातली तिरकी रेघ जपा. ल आणि श मराठी वळणाचेच काढा, हिंदी वळण लगेच खटकतं.
पूर्ण फॉन्ट करायचा तर फाँटफोर्ज या फॉन्ट बनवायच्या प्रोग्राममध्ये जोडाक्षरांचे नियमही भरावे लागतील. शनिवारपर्यंत त्या वाटेला जाऊ नका. ओळी ठरलेल्या असतील तर सरळ चित्रं काढा.

सह्यकन्या
चित्रं काढली की दर बदलाला पुन्हा काढा. युनिफॉन्टच्या आकृत्या उचलून त्यातच जोडाक्षरं घडवली तर पाया तयार मिळतो.

कोरीवकाम
एकूण सहाच ओळी आहेत, बदलणार नाहीत. ८ ने लिहून चौपट केलं, इंग्रजी एकदम कोरीव आलं! गोट्या, मनापासून आभार. आता मराठी चित्रं काढतोय. पण ऱ्या जमत नाही. र अर्धा कसा दाखवू? सध्या रफार दिलाय, तर 'दुसर्या' दिसतं.

खिळेजुळारी
रफार काढून टाका. य च्या डावीकडे शिरोरेघेखाली दोन पिक्सेल सोडा, तिथून तीन-चार पिक्सेलची छोटी कमान य ला टेकवा, मध्ये किंचित खाली झुकलेली. एकाच जाडीची ठेवा, दोन केली तर गोळा होतो. ताई म्हणतात तशा युनिफॉन्टच्या आकृत्या य आणि स साठी खुशाल समोर ठेवा. काढलेली ओळ इथे टाका, मूळ आकारातच, मोठी करून नको.

बापूकाका
इनस्क्रिप्टमध्ये हा ऱ्या सहज येतो. सांगू का कसा ते?