मदत हवी आहे: दोन लाखांत जुनी गाडी, इथलीच घ्यावी की घाटावरची?

नमस्कार मंडळी,

जुन्या गाड्यांवर बरंच वाचलं, पण खाऱ्या वाऱ्यात राहणाऱ्याने गाडी कशी पारखावी हे कुठे सापडलं नाही, म्हणून धागा काढते आहे. थोडं लांबेल, पण अर्धवट माहितीवर तुम्ही तरी सल्ला कसा देणार?

आम्ही गुहागर तालुक्यात, शृंगारतळीहून आत समुद्राच्या अंगाला राहतो. घरात सासू-सासरे, मी आणि दोन मुलं. आमचे हे मुंबईला नोकरीला, येतात ते गणपतीला, शिमग्याला आणि मे महिन्यात. सासऱ्यांचं मार्चपासून डायलिसिस सुरू झालंय, आठवड्यातून दोनदा, चिपळूणला. एका बाजूने पन्नास किलोमीटर धरा. जाताना एसटीने जमतं. येताना मात्र त्यांच्या पायांत त्राण नसतं, बीपी खाली आलेलं असतं, स्टँडवर बसवून ठेवणं जिवावर येतं. मग स्पेशल गाडी करावी लागते. गाडीवाला चार-पाच तास थांबतो, त्याचेही पैसे धरून अठराशे रुपये होतात. महिन्याला पंधरा हजारांच्या वर. आपली गाडी असली तर फेरीला सहा-साडेसहा लिटर पेट्रोल, म्हणजे सातशेच्या आत-बाहेर.

गाडी मीच चालवणार. लायसन २०१९ चं आहे, माहेरी ओम्नी चालवलेली आहे. रस्ता वळणांचा आणि चढ-उतारांचा असला तरी त्याची भीती नाही.

बजेट सगळं मिळून दोन लाख. त्यातच नावावर करणं, विमा, टायर, जे काय निघेल ते. ऐंशी हजार माझ्या भिशीचे आहेत, बाकीचे ह्यांनी ओव्हरटाइम करून साठवलेत. कर्ज काढायचं नाही असं दोघांनी ठरवलंय. तेव्हा गाडीची किंमत एक साठ-एक सत्तरच्या वर नको.

तीन गाड्या समोर आहेत.

पहिली वॅगनआर व्हीएक्सआय, पेट्रोल, २०१२, एमएच-०८. तालुक्यातल्याच एका निवृत्त शिक्षकांची, पहिल्यापासून त्यांच्याच हातातली. ६४ हजार किलोमीटर, सर्व्हिसची बिलं फायलीत लावून ठेवलेली. एक सत्तर सांगतात. सकाळी सातला न कळवता गेले, बॉनेटला हात लावून पाहिला, गार होतं. एका सेल्फमध्ये सुरू झाली, धूर नाही. सासऱ्यांना मुद्दाम बरोबर नेलं होतं. ते न वाकता आत बसले, सीट मागे करून जरा टेकले आणि म्हणाले, "ही बरी." त्या माणसाने गेल्या चार महिन्यांत कुठल्याच गोष्टीला बरी म्हटलेलं नाही.

पण मग मी खळ्यात गोणपाट टाकून मोबाईलचा टॉर्च घेऊन गाडीखाली शिरले. चाकांच्या कमानीत जांभ्याची लाल माती थरावर थर सुकलेली. बोटाने उकरली तर मातीबरोबर तपकिरी पापुद्रे हातात आले. डावीकडे मागच्या दाराखालच्या पट्टीवर रंगाला फोड आलेत. एक नखाने दाबला तर आत गेला. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत गेले, पुढे टणटण वाजतं आणि मागच्या चाकाजवळ वीतभर जागेत बद्द आवाज येतो. गाडी तेरा वर्षं समुद्राच्या तोंडाला पत्र्याच्या शेडमध्ये उभी आहे. सरांनी काही लपवलं नाही. "खारं लागलंय थोडं," म्हणाले. थोडं म्हणजे किती, हे मला कळत नाही.

दुसरी आय-टेन, २०१३, एमएच-१०, म्हणजे सांगली पासिंग. कराडला एका एजंटाकडे आहे. भावाबरोबर रविवारी कुंभार्ली घाट चढून पाहून आले. एक पंच्याऐंशी सांगतो, एक सत्तरपर्यंत येईल असं वाटतं. खालून पाहिली तर पत्रा कोरा, गंजाचं नाव नाही. लोक म्हणतात ते खरं आहे, घाटावरच्या गाडीचं पोट स्वच्छ असतं. पण सीट कव्हर नवी, मॅटिंग नवं, आत अत्तराचा भपकारा. आरसीवर दुसऱ्या मालकाची नोंद ऑक्टोबर २०२१ ची. त्याच जुलैत सांगली-कोल्हापूरला पूर होता, म्हणून पोटात गोळा आला.

या बाबतीत आमचे हात पोळलेत. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी शिरलं तेव्हा मावसभावाची जुनी गाडी गेली. त्याने सहा महिन्यांनी एका एजंटाकडून दुसरी घेतली, चकाचक होती. पहिल्याच पावसाळ्यात रात्री उभ्या गाडीचे दिवे आपोआप लागायला लागले. मेकॅनिकने डॅशबोर्डखालचा एक कनेक्टर उघडून दाखवला. आतल्या पिना हिरव्या पडलेल्या आणि कोपऱ्यात चिखलाची बारीक रेघ. ज्या पुरात त्याची गाडी गेली, तशाच पुरातली दुसरी त्याने पैसे मोजून घरी आणली होती. दुरुस्तीत सत्तर हजार गेले आणि शेवटी गाडी भंगारात काढली.

तिसरी डिझायर, डिझेल, २०११, पुण्याची, दीड लाख किलोमीटर झालेली. नात्यातली आहे म्हणून एक पन्नासला देतात. बसायला खाली वाटते, आणि पुढच्या वर्षी हिची पंधरा वर्षं भरतील. तरी घरच्यांचा आग्रह आहे म्हणून विचारते.

माझी मुख्य अडचण पहिल्या दोन गाड्यांची आहे. दिसणारा गंज घ्यावा की न दिसणाऱ्या पाण्याची जोखीम? आणि गंज कुठवर गेला असेल तर गाडी सोडायची? जाणकारांनी कृपया लिहावं.

चिपळूणहून प्रतिसाद

ताई, माझं गॅरेज आहे, वीस वर्षं याच गाड्या करतोय. आधी डिझायरचं बोलतो, सोडून द्या. इंजिन चांगलं आहे, पण दीड लाखानंतर इंजेक्टर, टर्बो, क्लच यांतलं एक जरी निघालं तरी तुमचं बजेट संपलं.

वॅगनआरच्या गंजाचं असं आहे. दाराखालच्या पट्टीला आम्ही रनिंग बोर्ड म्हणतो. तिथे बाहेरचा पत्रा खाल्ला असेल तर कापून नवा तुकडा वेल्डिंग करता येतो, त्याला कोणी घाबरू नये. बघायच्या जागा वेगळ्या आहेत. एक, मागचा ॲक्सल ज्या ब्रॅकेटला धरलेला असतो तिथला पत्रा. दोन, पुढचे शॉकअप (धक्के शोषणारे दांडे) वर जिथे बसतात ती जागा, बॉनेट उघडून दिसते. तीन, खालून लांबीला जाणारे दोन चॅनल. चार, ब्रेकच्या लोखंडी पाइपलाइनी. यांतल्या पहिल्या तिन्हींपैकी कुठेही पापुद्रे सुटत असतील तर सरांना नमस्कार करून परत या. पाइप बदलता येतात. हे गोणपाटावर झोपून दिसत नाही, लिफ्टवर चढवूनच बघा. आणि खालून कोणी नुकतंच काळं कोटिंग मारलं असेल तर जास्त संशय घ्या. गंजावर मारलेलं कोटिंग पाणी आत धरून ठेवतं आणि पत्रा आतून खात जातो.

२०१२ च्या वॅगनआरला के-सिरीज इंजिन आहे, त्याला टायमिंग चेन (इंजिनाच्या आतले भाग तालात फिरवणारी साखळी) असते, बेल्ट बदलायचा खर्च नाही. आय-टेनमध्ये दोन इंजिनं येत, १.१ लिटरला बेल्ट आणि १.२ लिटर कप्पाला चेन. तुमची कुठली ते विचारा.

सांगलीहून प्रतिसाद

एमएच-१० म्हणजे पुरातली असं धरू नका, आमच्या निम्म्या गावाला पाणी लागतच नाही. पण शंका रास्त आहे आणि ती फेडता येते.

सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा, अगदी शेवटपर्यंत. पुसणारा माणूस सगळं पुसतो, पण रिळाच्या आतला पट्टा विसरतो. तिथे डाग किंवा मातकट रेघ दिसली की विषय संपला. सीटच्या खालचे रेल आणि बोल्ट बघा. बाहेरून कोऱ्या गाडीत आतले बोल्ट गंजलेले असतील तर पाणी आतूनच आलंय. स्टेपनी उचलून तिची खळगी बघा. नवं मॅटिंग उचलू देत नसेल तर घेऊ नका.

दुसरं, विम्याची २०२१ आणि २०२२ ची पॉलिसी मागा. त्यावर नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, लिहिलेला असतो. तो २० टक्क्यांपासून चढत ५० पर्यंत जातो आणि क्लेम घेतला की शून्यावर येतो. पण मध्येच शून्य दिसला तर लगेच पूर म्हणू नका, अपघाताचा क्लेमही असेल किंवा पॉलिसीत खंड पडला असेल. नेमकं काय ते कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला नंबर देऊन विचारा. किलोमीटरचा आकडाही तिथेच पडताळता येतो.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. एजंटाला पॉलिसीचं विचारलं, तर म्हणाला जुन्या मालकाकडे असतील, मिळणार नाहीत. मॅटिंग उचलून बघायचंय म्हटलं, तर "ताई, अ‍ॅडव्हान्स टाका, मग काय ते उचला." आय-टेन मी सोडली. कदाचित चांगलीही असेल, पण माझ्या घरातल्या आजारी माणसाला त्या कदाचितवर बसवून मी पावसात नेणार नाही.

देवगडहून प्रतिसाद

योग्य केलंत. माझीही २०११ ची वॅगनआर आहे, घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. अनुभवाने सांगते, गाडी खारं खाते ती उभ्या उभ्या. भरल्या चिखलानिशी महिनाभर शेडमध्ये ठेवली की संपली. मी पावसाळ्यात दर आठवड्याला विहिरीच्या गोड्या पाण्याने खालून धुते, चाकांच्या कमानीतली माती हाताने काढते. दारांच्या खालच्या कडेला पाणी निघून जायला बारीक भोकं असतात, ती झाडूच्या काडीने मोकळी करते. ती बुजली की दारात पाणी साचतं आणि तिथून कुजायला सुरुवात होते. ओल्या गाडीवर ताडपत्री कधीच घालू नका. तुमची गाडी आठवड्याला दोनशे किलोमीटर पळणार, सरांच्यापेक्षा ती तुमच्याकडे बरी राहील.

टायरवर चार आकडी तारीख असते, तेही बघा. २३१७ म्हणजे २०१७ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी इतका जुना टायर वळणाच्या ओल्या रस्त्यावर नको. चार टायर आणि बॅटरी मिळून वीस-बावीस हजार बाजूला ठेवा.

आणि या गाडीला एअरबॅग नसणार. मुलांना मागेसुद्धा पट्टा लावायची सवय पहिल्या दिवसापासून लावा.

पेणहून प्रतिसाद

कागदांचं थोडक्यात. एमपरिवहन अ‍ॅपवर नंबर टाकून आरसी आणि विम्याची मुदत, थकलेले चलान बघून घ्या. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५ सरांकडून घ्या, नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०. विमा चौदा दिवसांच्या आत आपल्या नावावर करायला अर्ज द्या. सरांचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही, तेवढा फरक भरावा लागेल. गाडी एप्रिल २०१९ च्या आधीची आहे, तेव्हा उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवली आहे का तेही विचारा. २०२७ मध्ये पंधरा वर्षं होतील, तेव्हा तपासणी करून पाच वर्षांसाठी नूतनीकरण होतं. त्याची फी २०२२ पासून पाच हजार आहे, वर पर्यावरण कर. भाव करताना हे सांगा.

धागाकर्ती

काल सर स्वतः गाडी घेऊन शृंगारतळीला आले. गॅरेजमध्ये लिफ्टवर चढवली. तुम्ही सांगितलेल्या जागा मी मेकॅनिकला एकेक करून दाखवायला लावल्या. ॲक्सलचे ब्रॅकेट दोन्हीकडे घट्ट, वरवर तांबूस आहेत, पण पेचकसाने खरवडलं तर खाली लखलखीत लोखंड लागलं. चॅनल ठीक, शॉकअपची जागा ठीक. ब्रेकचा मागचा एक पाइप बदलावा लागेल. डावा रनिंग बोर्ड मात्र दीड वीत कुजलाय, उजवा सुरुवातीला आहे. दोन्ही बाजू, पाइप, आणि सगळं खरवडून नवं कोटिंग मिळून चौदा हजार सांगितले. टायर २०१८ चे आहेत, ते बदलणार.

नंतर मोडकाघरच्या बाजूला दुसऱ्या गिअरमध्ये, एसी लावून, भावाला आणि सरांना मागे बसवून चढावर नेली. तापमानाचा दिवा लागला नाही, क्लच सरकला नाही.

किमतीची घासाघीस मला जमत नाही. मी सगळा कागद सरांपुढे ठेवला, टायर किती, पत्रा किती, २०२७ चा खर्च किती. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचला आणि एक पन्नास म्हणाले. वर म्हणाले, डायलिसिसला जायचंय हे आधी सांगितलं असतं तर पहिल्याच दिवशी हा आकडा सांगितला असता. मी दहा हजार देऊन आले.

आता एवढंच विचारायचंय. मंगळवारी उरलेले पैसे देणार. आधी पत्र्याचं काम करून घ्यावं की आधी नावावर करावी?

चिपळूणहून प्रतिसाद

आधी २९ आणि ३० वर सह्या, पैसे दिल्याची पावती आणि विमा, ते झाल्याशिवाय पत्र्याला हात लावू नका. कामाला टाकाल तेव्हा वेल्डिंगच्या आधी बॅटरीच्या तारा सोडवायला सांगा, नाहीतर ईसीएम (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) जाऊ शकतो, आणि आतलं कार्पेट, मागची सीट बाहेर काढायला लावा. पत्रा जोडून झाला की पोकळीच्या आत वॅक्स मारून घ्या, नुसतं बाहेरून कोटिंग करून उपयोग नाही. काम दोन दिवसांचं आहे, डायलिसिसच्या दोन वारांच्या मध्ये बसेल असं बघून टाका.