मदत हवी आहे: मल्टिकुकर तापतच नाही

शेवग्याची_शेंग
इलेक्ट्रिक मल्टिकुकर गरम होत नाहीये. डिस्प्ले लागतो, बटणं चालतात, पण तासाभराने उघडावं तर तांदूळ पाण्यात तसेच. रात्री माणसं जेवायला आहेत, लवकर सांगा. कॉइल गेली असेल तर खर्च किती?

तारतंत्र
किती वॅटचा? एरर कोड येतो? सुरू केल्यावर आतून 'टक' होतं का? तो रिलेचा, म्हणजे हीटर चालू-बंद करणाऱ्या स्विचचा आवाज. टक होऊनही प्लेट थंड, तर हीटर किंवा त्याची वायर बघायची. टकच नाही, तर पॉवर बोर्ड नाहीतर सेन्सर.

साबुदाणा
झाकणाची रबरी रिंग नीट बसली नसेल. गरम पाण्यात टाकून परत बसवा, वाफ धरेल.

तारतंत्र
वाफ धरायला आधी पाणी तापू दे की हो.

जुगाडू
थर्मल फ्यूज उडालाय, लिहून घ्या. बूड खोला, पांढऱ्या स्लीव्हमधला फ्यूज काढून दोन वायरी डायरेक्ट जोडा. दहा मिनिटांचं काम.

मीटरवाला
ताई, हे अजिबात करू नका. रिले चिकटला तर प्लेट तापतच राहते, तेव्हा करंट तोडणारा शेवटचा आधार तोच फ्यूज. उडालाच तर त्यावर छापलेल्या अँपियर-तापमानाचाच नवा घालायचा, तोही क्रिंप करून, म्हणजे धातूच्या नळीत वायरी दाबून. सोल्डर करायला गेलात तर त्या उष्णतेनेच नवाही उडतो. शिवाय बऱ्याच मॉडेलांत तो मेन लाइनवर असतो, म्हणजे उडाला तर डिस्प्लेही लागत नाही. इथे लागतोय.

जुगाडू
दुकानवाले सर्रास डायरेक्ट करतात.

मीटरवाला
करतात, म्हणूनच जळके कुकर परत येतात.

शेवग्याची_शेंग
भांडू नका हो. टक होतं, लगेच परत टक, सारखं चालूच. तेव्हा डिस्प्ले मंद होतो. एरर नाही. १००० वॅट. नणंदेने न्यू जर्सीहून आणलाय.

तारतंत्र
हे पहिल्या ओळीत हवं होतं! अमेरिकेतला म्हणजे बुडाच्या पट्टीवर १२० व्होल्ट असणार, इथे तर २३० येतात. कशावर लावलाय?

शेवग्याची_शेंग
कन्व्हर्टरवर, अर्थात. ट्रिमरसाठी घेतलेला, २०० वॅटचा. प्लग बसतो त्यात व्यवस्थित.

तारतंत्र
सापडलं. कुकर बहुतेक ठणठणीत आहे. डिस्प्लेला जेमतेम दोन-चार वॅट लागतात, ते मिळतात. रिले लागला की हीटर १००० मागतो, कन्व्हर्टरचा व्होल्टेज कोसळतो, रिले सुटतो. लोड गेला की व्होल्टेज परत येतो, रिले परत लागतो. तीच टकटक. आधी प्लग काढा, कन्व्हर्टर जळेल.

साबुदाणा
१६०० वॅटचा ट्रॅव्हल कन्व्हर्टर मिळतो, हलका आणि स्वस्त.

मीटरवाला
तो इस्त्रीसारख्या साध्या हीटरसाठी. विजेची वेव्ह कापून देतो, कुकरचा बोर्ड त्यावर टिकत नाही. २३०चे १२० करणारा खरा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर हवा, १५०० व्हीए (साधारण वॅटच समजा) तरी, आणि तो १६ अँपियरच्या सॉकेटवर. चांगलाच जड असतो.

थेट २३० वर कधी लावला नव्हता ना? तसं केलं तर हीटर साधारण ३७०० वॅट ओढतो. शंका असेल तर प्लग काढून बूड खोला, हीटरची एक वायर सुटी करा, हीटरच्या दोन टोकांत मल्टिमीटर ओहमवर लावा. १४-१५ ओहम आले तर हीटर शाबूत. (इथल्या २३०च्या १००० वॅटला ५३च्या आसपास येतात, तो आकडा शोधू नका.) टोक आणि बॉडी यांत काही रीडिंग आलं तर मात्र वापरू नका.

शेवग्याची_शेंग
ट्रान्सफॉर्मर आज कुठून आणू? आतलं भांडं सरळ गॅसवर ठेवलं तर?

तारतंत्र
नॉनस्टिक असेल तर नको. स्टीलचंही नकोच, बूड वाकलं की प्लेटवर आणि मधल्या सेन्सरवर नीट टेकत नाही, मग खरोखरच तापायचा नाही. पातेल्यात लावा भात.