मदत हवी आहे: कार्डाचे ४८,००० फिटतच नाहीत (सांगली)

विश्रामबागकर
क्रेडिट कार्डावर ४८,००० थकलेत. व्याज महिना ३.५ टक्के. दर महिन्याला किमान रक्कम २,४०० भरतो. कार्डावर फक्त पेट्रोल, पाचशेचं. तरी आकडा हलत नाही.
पगार ३४,०००. भाडं ७,०००, किराणा-दूध-गॅस १२,०००, मुलांची फी नि रिक्षा ५,०००, गाडीचा हप्ता ३,२००, भिशी २,०००. उरलेल्या ४,८०० तून कार्ड. ऊसबिल आलं की एकदम फेडावं म्हणतोय.

हिशोबी
हलणार कसा? ४८,००० वर व्याज १,६८०, त्यावर १८ टक्के जीएसटी ३०२. म्हणजे २,४०० तले १,९८२ तिथंच गेले. मुद्दल फिटलं ४१८ आणि पेट्रोल घातलं ५००!
शिवाय मागची थकबाकी असली की नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही, पेट्रोल भरल्या दिवसापासून व्याज चालू. आधी कार्ड पाकिटातून काढा, ॲपमध्येही बंद ठेवा. आणि त्यावरून रोख तर कधीच काढू नका, तिथं फी वेगळी आणि व्याज पहिल्या दिवसापासून.

मिरजकर
ऊसबिलाच्या भरवशावर थांबू नका. कारखान्याला ऊस घातल्यापासून कायद्यानं १४ दिवसांत मिळायला हवं, पण हप्त्याहप्त्यानं येतं हे सगळ्यांना ठाऊक आहे. तोवर महिन्याला दोन हजार जळतायत.
कामाच्या ठिकाणी पगारदारांची पतसंस्था असेल तर तिथं बघा. वर्षाला १२ टक्क्यांनी, घटत्या शिल्लकीवर (म्हणजे उरलेल्या मुद्दलावरच व्याज), १८ महिन्यांसाठी ४८,००० घेतले तर हप्ता २,९२७, एकूण व्याज ४,७०० च्या आत. हाच २,९२७ कार्डावर भरत राहिलात, एक रुपयाची खरेदी न करता, तर २८ महिने लागतील आणि व्याज-जीएसटी ३४ हजारांच्या घरात.
हप्ता नि पेट्रोल वजा जाता हातात साधारण १,३७० राहतात. तंग आहे, पण बसतं. भिशी मध्येच मोडू नका, नंबर लागला की ती रक्कम कर्जात घाला.

हिशोबी
पतसंस्थेत एक विचारून घ्या: व्याज घटत्या शिल्लकीवर की सरळ, म्हणजे शेवटपर्यंत पूर्ण ४८,००० वर? सरळ १२ टक्के असेल तर त्याच १८ महिन्यांचं व्याज ८,६४० होतं. सभासदाच्या भागाची (शेअरची) रक्कम कर्जातून कापत असतील तर हातात किती पडेल तेही विचारा. पुरे ४८,००० हवेत. जामीनदार आधीच बोलून ठेवा.

विश्रामबागकर
बँक कार्डाच्या थकबाकीचे ईएमआय (मासिक हप्ते) करून देते म्हणतेय. आणि बिलाची मुदत ४ तारखेला, पगार ७ ला, त्याचं काय?

मिरजकर
ईएमआयचा दर, प्रोसेसिंग फी आणि मुदतीआधी फेडल्यास किती आकारणार, हे तिन्ही लेखी मागा. व्याजावर जीएसटी तिथंही लागतो.
तारखेचं सोपं आहे. बिलाचं चक्र, म्हणजे बिल निघायची तारीख, किमान एकदा बदलून मागता येतं, रिझर्व्ह बँकेचा तसा नियम आहे. मुदत १० च्या पुढं घ्या.

विश्रामबागकर
कर्ज मिळालं तर पुढच्या बिलाची वाट बघू का?

हिशोबी
नको, त्याच दिवशी भरा, व्याज रोज चढतं. तरी पुढच्या बिलात मधल्या दिवसांचं व्याज येईलच. ‘आम्ही तर सगळं भरलं’ म्हणून लोक ते सोडतात आणि दंड बसतो. तेही भरा. कार्ड बंद करायचं तर त्यानंतर, शून्य थकबाकीचं बिल हातात आल्यावर लेखी अर्ज द्या. बँकेला सात कामाच्या दिवसांत ते बंद करावं लागतं, नाहीतर दिवसाला ५०० रुपये तुम्हाला द्यावे लागतात.