अंदमानला एकटीच, निवांत, आणि फक्त एक सॅक. जमेल का?

मुलुंडची_भटकी: नमस्कार मंडळी, डिसेंबरमध्ये अंदमानला जातेय, एकटीच. टूरवाल्यांसारखी बेटामागून बेटं पळत बघायची नाहीयेत, शहीद द्वीप म्हणजे जुन्या नीललाच मुक्काम ठोकायचा, सायकल घेऊन फिरायचं आणि मनात आलं तर स्वराज द्वीप म्हणजे जुन्या हॅवलॉकला जायचं, बस. मुंबईहून केबिनमध्ये सात किलो चालतं तेवढ्यातच सगळं बसवायचंय, बोटीत चढता-उतरता कोणाला "जरा बॅग धरता का" म्हणायची वेळ नको. आई म्हणते रोजचा वेगळा ड्रेस ने. टॉवेल, बूट, स्नॉर्केलिंगचं सामान, काय न्यायचं आणि काय घरी ठेवायचं सांगा ना.

खारा_वारा: आरामात जमेल, उलट एकाच बेटावर राहणार आहेस म्हणून तर जमेल, कारण जो रोज हॉटेल बदलतो त्याला कपडे वाळवायला वेळच मिळत नाही, तुझ्याकडे दुपारच्या दुपार आहे. तीन जोड पुरे, संध्याकाळी आंघोळ करतानाच धुऊन टाकायचे. फक्त जीन्स आणि जाड सुती काही नेऊ नकोस, तिथली हवा इतकी दमट की सकाळीपण कंबरेचा पट्टा ओलाच लागतो. टॉवेल तर अजिबात नको, दादरला कुठेही मिळतो तो साधा पंचा घे. अंग पुसायला, उन्हात डोक्यावर, बोटीत एसी लागला की खांद्यावर, आणि पिळून दोरीवर टाकला की जेवून येईपर्यंत बऱ्यापैकी सुकतो. कपड्याच्या साबणाची अर्धी वडी आणि नायलॉनची दोरी विसरू नकोस. स्नॉर्केलिंगचं सगळं भाड्याने मिळतं, चष्मा असेल तर नंबरचा मास्क मात्र स्वतःचा ने.

गिरगावकर: कपड्यांचं पटलं, पण पायाकडे दुर्लक्ष नको. नीलला लक्ष्मणपूरचा नैसर्गिक पूल ओहोटीतच बघायला मिळतो आणि तिथवर जायचं म्हणजे शेवाळलेल्या खडकांवरून आणि मेलेल्या प्रवाळावरून, स्लिपर घसरते आणि प्रवाळाने कापलेलं लवकर भरत नाही. मागे पट्टा असलेली सँडल घाला, तीच प्रवासात पायात, म्हणजे बुटांचं वजन गेलं. ओहोटीची वेळ आदल्या दिवशीच विचारून ठेवा. रोख पैसे श्री विजयपुरम म्हणजे पोर्ट ब्लेअरलाच काढा, छोट्या बेटावर एटीएमच्या भरवशावर राहू नका. बोट लागत असेल तर गोळी निघायच्या आधी घ्यायची, मळमळायला लागल्यावर नाही.

मुलुंडची_भटकी: पंचा डोक्यातच आला नव्हता, थँक्यू! रात्री फिरायला टॉर्च लागेल की मोबाईल पुरेल?

सॅकवाली_ताई: डोक्याला लावायचा छोटा टॉर्च ने गं. तिथे घड्याळ आपलंच पण बेटं खूप पूर्वेला, डिसेंबरमध्ये पाच-सव्वापाचला सूर्य बुडतो, बीचवरून परत येईपर्यंत गुडुप अंधार, सायकलचं हँडल धरून मोबाईल कसा धरणार? पॉवर बँक केबिनच्याच बॅगेत लागते, तुझी एकच सॅक आहे म्हणून तो प्रश्न नाही. येताना सॅकमध्ये जागा उरली तरी किनाऱ्यावरचे शंख-प्रवाळ उचलून आणू नकोस, विमानतळावर तपासतात आणि काढून घेतात. आणि निघायच्या आधी एकदा भरलेली सॅक पाठीला लावून संध्याकाळी सहाला दादरचा पूल चढ, जे जड वाटेल ते त्याच रात्री बाहेर काढ, बहुतेक दुसरी जीन्सच असेल.